आखाडातला मोठा पाणकावळा

आमच्या संस्थेच्या नोंदवहीत अकरा वर्षांपूर्वीच्या एका पानावर माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे, ‘मोठे पाणकावळे, अंदाजे तीस. पिंजरा नंबर दोनची जाळी फाडली.’ हे खोटं आहे. त्या दिवशी डिंभे धरणावर एकही मोठा पाणकावळा नव्हता आणि जाळी कुठल्याच पक्ष्याने फाडलेली नव्हती. ती मी फाडली होती. गेल्या महिन्यापर्यंत हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही, आणि तिला मी दाढ दुखायला लागली तरी तासाभरात सांगतो.

मी मुळात कमी बोलणारा माणूस. घरात सगळे म्हणतात, याला तोंड उघडायला लावायचं तर आधी जेवायला वाढावं लागतं. पण आता सांगायलाच बसलो आहे, तर आधी आमचा धंदा सांगतो, म्हणजे माझी लबाडी नीट कळेल.

धरणाच्या पाण्यावर आमची मच्छीमारांची संस्था आहे आणि मी तिचा सुपरवायझर. हुद्दा ऐकून पावणेरावळे जरा सावरून बसतात, पण मी खरं तर माशांची बालवाडी चालवतो. पावसाळ्याच्या तोंडाला माशांची नुकती जन्मलेली पिल्लं हवा भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून येतात. त्यांना आम्ही जिरं म्हणतो. स्वयंपाकघरातलं जिरं आठवा आणि त्याहून बारीक काहीतरी पाण्यात वळवळतंय असं समजा. हे जिरं थेट धरणात सोडलं तर संध्याकाळपर्यंत कोणाच्या ना कोणाच्या पोटात जाणार. म्हणून ते पिंजऱ्यात वाढवायचं. बोटाएवढं झालं की त्याला बोटुकली म्हणायचं आणि मग धरणात सोडायचं. कटला, रोहू, मृगळ, सगळ्यांचं बालपण माझ्या देखरेखीखाली जातं. पुढे ते कोणाच्या रश्श्यात जातात ते मी बघायला जात नाही.

पिंजरा म्हणजे पिंपांवर तरंगणारी पाइपांची चौकट आणि तिच्यातून पाण्यात लोंबणारी बारीक जाळीची भलीमोठी पिशवी. उलटी टांगलेली मच्छरदाणीच. तळाच्या एका कोपऱ्याला शर्टाच्या बाहीसारखी जाळीची नळी शिवलेली असते. मोजायला पिल्लं काढायची असली की तो कोपरा होडीत ओढून घ्यायचा, बाहीची दोरी सोडायची, मूठभर पिल्लं घ्यायची आणि दोरी परत बांधायची. तीन वेढे आणि वर गाठ. कामावर येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो, “बाकी काही विसरा, बाही विसरू नका.” शिकवताना माझे कान गरम होतात. लोकांना वाटतं, साहेब लई तळमळीनं शिकवत्यात.

या पिशव्या विणायचे जुन्नरचे हुसेनचाचा. बाजाराकडून आत वळलं की त्यांचं दुकान. म्हणजे एक खोली, भिंतीला खिळे, खिळ्यांना अर्धवट जाळी आणि मध्ये पाय पसरून बसलेले चाचा. यंत्राची जाळी बाजारात मिळते, पण पिंजऱ्याच्या मापाची पिशवी, तिचे कोपरे, तिची बाही हे चाचांच्याच हातचं. दुसरीकडची पिशवी आम्ही एकदा वापरून बघितली. पहिल्याच वाऱ्यात ती चौकटीतून निसटली आणि घोडेगावच्या बाजूला निघून गेली.

आता पाणकावळे. बहुतेकांना एकच पाणकावळा माहीत असतो, काळा, पाण्यात बुडी मारणारा, मग फांदीवर बसून पंख वाळत घालणारा. आमच्या धरणावर दोन जातींचे येतात. धाकला आणि थोरला, अशी नावं आम्हीच ठेवली आहेत.

धाकला बारा महिने इथेच. कावळ्यापेक्षा थोडा मोठा, चोच आखूड, शेपूट अंगाच्या मानाने लांब. पोहताना जवळजवळ सगळा पाण्याखाली, वर फक्त मान. लांबून बघणाऱ्याला साप वाटतो. सोबतीशिवाय करमत नाही. वीस-पंचवीस जण एकत्र निघणार, मासे कडेला रेटणार आणि सगळे मिळून गलका करत खाणार. त्याचा मासा म्हणजे चिंगळी, दांडक्या, असला बारीक माल. पावसाळ्यात पाण्यात उभ्या असलेल्या बाभळींवर त्याची घरटी असतात. तेव्हा त्याच्या कानशिलावर पांढरे ठिपके उमटतात, चुन्याचं बोट उडाल्यासारखे.

थोरला दिवाळीनंतर येतो आणि होळीच्या सुमाराला जातो. बदकापेक्षा मोठा, गळ्याला पिवळट झाक, गालावर पांढरा पट्टा आणि चोच लांब, टोकाला खाली वळलेली, थेट गळासारखी. तो खोल पाण्यात बुडतो आणि आपण मनात आकडे मोजत बसलो की कंटाळून सोडून दिल्यावर भलतीकडेच वर निघतो. मासा आडवा धरतो, हवेत उडवतो, डोकं पुढे आलं की गिळतो. एकदा थंडीत जाळ्यात अडकलेला एक थोरला मी सोडवत होतो. त्याने माझा अंगठा धरला. ती खूण अजून आहे. सोडायला तयारच नाही, माझ्याकडे हिरव्या डोळ्यांनी बघतोय. मला वाटलं, याला त्या पानाबद्दल कोणीतरी सांगितलंय.

त्या पानाची गोष्ट अशी. त्या वर्षी जिरं लवकर मिळालं होतं. आषाढ संपत आला तेव्हा दोन नंबरच्या पिंजऱ्यात उत्तम पिल्लं होती. दहा-बारा दिवसांत बोटुकली होणार आणि चेअरमनदादा सगळ्या सभासदांना बोलावून ती धरणात सोडणार, असं ठरलं होतं. नेमकं लोणीहून सासऱ्यांचं बोलावणं आलं. आखाडातला शेवटचा रविवार, आठवडाभरात श्रावण लागणार, म्हणजे मग महिनाभर मटण नाही. मेहुण्याने फोनवर सांगितलं, “दाजी, बोकड पडलाय. तुमी उशिरा आला तर नळी माझी.”

मी पिल्लं मोजायला घेतली होती. बाही सोडलेली, मूठभर पिल्लं बादलीत, फूटपट्टी हातात, आणि वरच्या रस्त्यावरून एसटीचा हॉर्न ऐकू आला. आमच्याकडची एसटी ज्याने पाहिली आहे त्याला सांगायला नको. ती येते तेव्हा येते, आणि गेली की दुसरी येईलच असं नसतं. मी पिल्लं परत टाकली, बाहीला दोरीचा एक वेढा मारला, कोपरा पाण्यात सोडला आणि होडी काठाला लावून चढण पळत सुटलो. एक वेढा. वर गाठ नाही. बसमध्ये बसल्यावर क्षणभर ती गाठ आठवलीही, पण तोवर मंचर आलं होतं आणि नाकात मसाल्याचा वास यायला लागला होता. नळी मलाच मिळाली.

तिसऱ्या दिवशी परत आलो. दोन नंबरची पिशवी ओढली तर हाताला वजनच लागेना. बाही पाण्यात मोकळी लोंबत होती. आत पाच-सहा पिल्लं होती, ती वाट न सापडलेली.

मी होडीत बसून राहिलो. नोकरी जाईल याची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती हसं होण्याची होती. बाही विसरू नका, असं रोज सांगणारा माणूस मटणासाठी बाही विसरला! हे डिंभ्यापासून लोणीपर्यंत पसरायला एक आठवडेबाजार पुरला असता. मी आधी बाही बांधली. तीन वेढे आणि वर गाठ, अगदी शिकवतो तशी. मग होडी ओढायचा लोखंडी आकडा घेतला आणि पिशवीला हातभर भोक पाडलं. चाकू जवळ होता, पण चाकूने सूत सरळ कापलं जातं. आकड्याने ते पिंजतं. एवढी अक्कल त्या वेळी सुचली याची मला आजही लाज वाटते.

त्यावर संस्थेची सभा भरली, तिला हुसेनचाचांनाही बोलावलं होतं. मी सांगितलं, पाणकावळ्यांनी जाळी फाडली. दादा म्हणाले, “आजवर कदी फाडली न्हाई ती?”

आता धाकल्याच्या आखूड चोचीने हातभर भोक पडेल हे कोणालाच पटलं नसतं. म्हणून मी म्हणालो, “हे मोठे व्हते. चोच गळावानी असती त्यांची.”

चाचांनी फाटलेली जाळी मांडीवर घेतली. पिंजलेली टोकं बोटात फिरवली. मग म्हणाले, “गाठ ढिली पडली माझी. माफ करा, चेअरमनसाहेब.” आणि मान खाली घालून बसले. मी समोरच बसलो होतो. तेव्हा बोलायला हवं होतं. दादा चाचांना म्हणाले, “जाऊ द्या, पक्ष्यापुढं कुनाचं चालतंय?” सगळ्यांनी चहा घेतला. मीही घेतला.

दुसऱ्या दिवशी सभासदांनी बाभळींखाली सुतळी बॉम्ब फोडले. त्या झाडांवर धाकल्यांची घरटी होती, काहींत पिल्लं. मी दबक्या आवाजात म्हणालो, हे धाकले आहेत, जाळी फाडणारे थोरले. कोणीतरी म्हणालं, “काळा तो पानकावळा. भाऊ, तुमी आता जातपात नका काढू त्याच्यात.” सगळे हसले. धाकले उडून गेले आणि पुढची दोन वर्षं त्या बाभळींवर आले नाहीत. बाकी सगळं हसून सांगता येतं. हे नाही येत.

चाचांनी मात्र हे प्रकरण पक्ष्यावर सोडून दिलं नाही. महिनाभराने नवी पिशवी घेऊन स्वतः आले. प्रत्येक गाठीला आणखी एक वेढा टाकून ती आवळलेली. मला दाखवत म्हणाले, “आता येऊ द्या तुमच्या थोरल्याला. चोच मोडून जाईल साल्याची!” आधी जी पिशवी आठ दिवसांत व्हायची तिला आता तेरा-चौदा दिवस लागायला लागले. ही गाठ इतकी घट्ट की आजूबाजूच्या धरणांवरून लोक तीच मागायला लागले. नावही पडलं, थोरल्याची गाठ. चाचांच्या उजव्या बोटावर त्या गाठीने खाच पडली आहे. दर वर्षी पिशवी आणून दिली की ते विचारायचे, “भाऊ, थोरला परत आला व्हता का?”

आणि मी म्हणायचो, “न्हाई चाचा. तुमच्या गाठीला घाबरला.”

ते खूश होऊन चहा सांगायचे. अकरा वर्षं मी तो चहा प्यालो.

हे असंच चालत राहिलं असतं, पण आमच्याकडे रविवारी मासे घ्यायला खोडदहून परांजपे म्हणून एक गृहस्थ येतात. खोडदला त्या मोठ्या अँटेना आहेत ना, आकाशातलं ऐकणाऱ्या, तिथे ते कामाला. आमची गिऱ्हाइकं एकेक नमुना आहेत. एक बाई रोहू घेताना त्याच्या डोळ्यात टॉर्च मारून बघतात, एका मास्तरांना मासा हवा असतो पण माशाचा वास नको असतो. परांजपे साहेबांची तऱ्हा निराळी. मासा तोलून पिशवीत पडेपर्यंत ते दुर्बीण लावून पक्षी मोजतात. धाकल्या-थोरल्यातला फरक मला डोळ्यांनी माहीत होता, पण तो कागदावर मांडायचा कसा हे त्यांच्याकडून कळलं. ते म्हणाले, “काय खातात ते नंतर. आधी कोण, किती, कोणत्या महिन्यात. दोघांचं वेळापत्रक शेजारी शेजारी ठेवा, अर्ध्या गोष्टी आपोआप दिसतात.”

यंदा त्यांनी आमच्या नोंदवह्या मागितल्या. दोन्ही पाणकावळ्यांचा तक्ता करायचा होता. मी पक्ष्यांच्या नोंदी बऱ्यापैकी ठेवतो, त्यामुळे नाही म्हणायला कारण नव्हतं. पुढच्या रविवारी तक्ता घेऊन आले. धाकल्याच्या रकान्यात बाराही महिने खुणा. थोरल्याच्या रकान्यात कार्तिक ते फाल्गुन खुणा आणि मग सगळं कोरं. फक्त आषाढात एक खूण. तीस पक्षी.

“हे गमतीचं आहे,” साहेब म्हणाले. “इतक्या वर्षांत एकदाच, भर पावसात, तीस. तुम्ही स्वतः पाहिले?”

मी म्हणालो, “लांबून.”

“हं.” ते तक्त्याकडे बघत राहिले. “आमच्याकडे असा एकच वेगळा आवाज आला ना, की आम्ही आकाशावर संशय घ्यायच्या आधी आपल्या यंत्रावर घेतो. नव्वद टक्के वेळा आपलीच कुठली तरी वायर सैल असते.”

त्यांना माझ्यावर काहीच ढकलायचं नव्हतं. ते त्यांच्या वायरबद्दल बोलत होते. मी मात्र त्यांच्या पिशवीत अर्ध्या किलोऐवजी दोन किलो मासे भरले.

त्याच आठवड्यात नव्या पिशवीचं सांगायला जुन्नरला गेलो. चाचांना आता नीट दिसत नाही. काम सून शबाना करते. तिचा हात सासऱ्यांसारखाच सफाईदार आहे. मी पोचलो तेव्हा आत वाद चालला होता.

“अब्बा, साधी गाठ असंल तर मी हे दुकान चालवते,” ती म्हणत होती. “ही डबल गाठ माझ्यानं व्हायची न्हाई. बोटं सोलपटली, डोळ्यांतून पानी येतंय. तुमच्यावानी माझीबी नजर जायची. त्यापेक्षा शिवणाची मशीन बरी.”

“मग बंद कर दुकान,” चाचा म्हणाले. “साध्या गाठीची जाळी या दुकानातून जायची न्हाई. एकदा गेली ती बास झाली.” मग माझी चाहूल लागली. “या भाऊ. तुमीच सांगा हिला. थोरल्यानं काय केलं व्हतं ते सांगा.”

मी दारातच उभा होतो. शबाना माझ्याकडे बघत होती, म्हणजे आता हाही तेच रडगाणं गाणार, अशा नजरेने. चाचांच्या डोक्यावर भिंतीवरच्या खिळ्याला मी फाडलेल्या त्या जाळीचा तुकडा टांगलेला होता. अकरा वर्षं त्यांनी तो समोर ठेवला होता. मला वाटायचं, जुनी चिंधी आहे.

“चाचा,” मी म्हणालो, “थोरला आलाच नव्हता.”

मग सगळं सांगितलं. बाही, एसटी, मटण, आकडा. उभ्यानेच सांगितलं, कारण बसलो असतो तर चहा आला असता.

शबानाने तोंडावर ओढणी धरली होती, ती हसत होती की चिडली होती ते कळत नव्हतं. चाचांनी हात वर करून खिळ्यावरचा तुकडा काढला आणि बोटं फिरवायला लागले.

“होडीचा आकडा?”

“हो.”

“लोखंडी?”

“हो.”

“सहज फाटली?”

“न्हाई चाचा. पहिल्यांदा आकडाच निसटला. मग पिशवी चौकटीला अडकवली, दोन्ही पाय टेकवले आनि सगळं अंग टाकून वढलं. तरी तीनदा वढावं लागलं.”

चाचांचा चेहरा उजळला. मी खोटं सांगत नाही. सत्तरीचा माणूस एकदम चाळिशीचा दिसायला लागला.

“ऐकलंस का शबाना! दोन्ही पाय टेकवून! तीन बार! आनि साधी गाठ व्हती, साधी!” त्यांनी मांडीवर थाप मारली. “थोरला काय, त्याचा बापबी आला असता तरी फाटली नसती!”

“म्हंजे आता साधी गाठ?” शबानाने लगेच मुद्द्याला हात घातला.

“साधी. माझ्या बापाची गाठ हाय ती. तिला काय झालंय?”

शबानाने हातातली डबल गाठ तिथल्या तिथे सोडवायला घेतली. मीही हसलो. तेवढ्यात चाचांचं हसू थांबलं. तुकडा त्यांनी माझ्या हातात दिला.

“भाऊ, मी त्या सभेत माफी मागितली व्हती. चाळीस मान्सं बसली व्हती. तुमी समोर व्हता.”

“हो.”

“माझ्या दुकानात येऊन सांगितलं, ठीक. पण मान माझी तिथं खाली गेली व्हती. हितं न्हाई.”

मी विचारलं, “चाचा, काय करू?”

“मला काय विचारता? जिथं सांगितलं, तिथं परत सांगा.” आणि मग त्यांनीच चहा सांगितला. मी तो प्यालो. नेहमीच्या चहापेक्षा साखर कमी होती, की मलाच तसं वाटलं, माहीत नाही.

परांजपे साहेबांना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, “म्हणजे शून्य लिहू?” मी म्हणालो, शून्य लिहा. आषाढातली ती खूण तक्त्यातून गेली. आता थोरल्याचं वेळापत्रक बरोबर आहे. धाकलेही बाभळींवर आहेत. काल मोजली तर सतरा घरटी, त्यातलं एक इतकं वेडंवाकडं की चाचांनी पाहिलं असतं तर उसवून परत करायला लावलं असतं.

संस्थेची सभा यंदा लांबली आहे, ती दिवाळीनंतर होईल. हा दिवाळी अंक तोवर दादांच्या आणि सभासदांच्या हातात पडलेला असेल, म्हणजे मला ऐनवेळी घशाचं कारण सांगता येणार नाही. माझा मला भरवसा नाही, म्हणून आधी छापून घेतोय. लोणीच्या मेहुण्यालाही अंक पाठवणार आहे. तो जन्मभर हसणार, ते ठीक आहे.

पण छापणं म्हणजे सांगणं नव्हे. चाळीस माणसांसमोर, हुसेनचाचा पुढच्या खुर्चीवर बसलेले असताना उभं राहून, जाळी चांगली होती, बाही मी बांधली नव्हती, एवढं बोलायचं मी अजून देणं लागतो.